जावापोएट : इम्पोर्टची कटकट मिटते, मेथडच्या आतली नाही

यादीवरून जावाचा कोड तयार करायचा झाला की बहुतेक टीम आधी स्ट्रिंगबिल्डरकडे, म्हणजे मजकुराचे तुकडे हाताने जोडण्याकडे, वळतात. शंभरेक ओळींपर्यंत ते निभतं. पुढे कुठे इम्पोर्ट (दुसऱ्या पॅकेजमधला क्लास आणणारी ओळ) राहतो, कुठे अवतरणचिन्ह निसटतं, आणि चूक जनरेटरमध्ये, म्हणजे कोड लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये, असूनही शोध मात्र तयार झालेल्या फाइलमध्ये चालू राहतो. स्क्वेअर कंपनीची जावापोएट ही लायब्ररी यातलं बरंचसं ओझं उचलते. नेमकं कोणतं उचलते आणि कोणतं नाही, एवढं आधीच कळलं तर ती हातात छान बसते.

ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्गाच्या स्थानकांचा ईनम (ठरावीक नोंदींची यादी असलेला जावाचा प्रकार) सीएसव्हीवरून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींच्या साध्या फाइलवरून, तयार करायचा आहे असं धरू. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. क्लास किंवा ईनमसाठी टाइपस्पेक, मेथडसाठी मेथडस्पेक, फील्डसाठी फील्डस्पेक, आणि शेवटी हे सगळं जावाफाइलमध्ये घालून राइटटूने फाइल लिहायची. ईनमच्या प्रत्येक नोंदीला नाव आणि कोड द्यायचा असेल तर ॲडईनमकॉन्स्टंटला ॲनॉनिमसक्लासबिल्डर द्यावा लागतो आणि कन्स्ट्रक्टरची मूल्यं त्याला पुरवावी लागतात. नावावरून वाटतं की प्रत्येक स्थानकाला वेगळा क्लास तयार होईल. पण आत मेथड वगैरे काही घातलं नाही, तर साधी एका ओळीची नोंदच उमटते.

लायब्ररीचा खरा जीव तिच्या खुणांमध्ये आहे; फॉरमॅट-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडच्या साच्यात, कुठे काय भरायचं ते त्या सांगतात. डॉलर-टी म्हणजे टाइप, त्याचा इम्पोर्ट आपोआप येतो. डॉलर-एस म्हणजे अवतरणात बसवलेली स्ट्रिंग, आतली अवतरणचिन्हं सांभाळून. डॉलर-एल जसंच्या तसं उमटवतं. डॉलर-एन दुसऱ्या मेथडचं किंवा फील्डचं नाव घेतं. एकाच फाइलमध्ये जावाच्या युटिल पॅकेजमधला आणि एसक्यूएल पॅकेजमधला असे दोन्ही डेट क्लास आले, तर आधी आलेला इम्पोर्ट होतो आणि दुसरा पूर्ण पॅकेजनावासह लिहिला जातो. जो क्लास अजून तयारच झालेला नाही, त्याचाही उल्लेख क्लासनेमला पॅकेज आणि नाव देऊन करता येतो. टेम्प्लेट इंजिनात हे सगळं हातानेच सांभाळावं लागतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही जावापोएट घ्यावी.

बहुतेक चुका याच खुणांपाशी होतात. सीएसव्हीतला मजकूर अधिकचिन्हाने फॉरमॅट-स्ट्रिंगला जोडू नका. त्यात डॉलरचं चिन्ह आलं की लायब्ररी त्याला खूण समजते आणि अपवाद फेकते. मजकूर नेहमी स्वतंत्र मूल्य म्हणूनच द्यावा, आणि फॉरमॅटमध्ये खरंच डॉलर हवा असेल तर दोनदा लिहावा. ॲडस्टेटमेंट अर्धविराम स्वतः घालतं, ॲडकोड घालत नाही. ॲडस्टेटमेंटमध्ये डॉलर-एलने असा कोडब्लॉक दिला ज्यात आधीच एक स्टेटमेंट आहे, तर इलीगलस्टेटएक्सेप्शन येतं, कारण एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य सुरू झालेलं असतं. लॅम्डाचा (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनचा) मजकूर बनवताना हे हमखास घडतं. तिथे ॲडकोड वापरून अर्धविराम स्वतः द्यावा. बिगिनकंट्रोलफ्लो महिरपी कंस स्वतः उघडतं, म्हणून फॉरमॅटमध्ये तो पुन्हा लिहायचा नाही.

देवनागरी मजकूर असेल तर एन्कोडिंगकडे लक्ष हवंच. राइटटूला फोल्डर दिलं तर फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिली जाते. पण जेडीके १८ च्या आधीचा कंपायलर मशीनचं डीफॉल्ट एन्कोडिंग धरतो, आणि विंडोजवर ते सहसा यूटीएफ-८ नसतं. मग तयार झालेली फाइल एडिटरमध्ये शुद्ध दिसते आणि स्क्रीनवर मात्र ‘कोपरखैरणे’चा चुराडा होतो. बिल्डच्या फाइलमध्ये कंपायलरला एन्कोडिंग स्पष्ट सांगून टाकावं, जेडीके कुठलाही असो.

नोंदींची नावं ही आणखी एक नाजूक जागा. ‘दिघा गाव’मधली मोकळी जागा जावाच्या नावात चालत नाही. लायब्ररीतला नेमॲलोकेटर तिथे अधोरेखा टाकतो, राखीव शब्दही टाळतो. मात्र सीएसव्हीत एकच स्थानक चुकून दोनदा आलं आणि ॲडईनमकॉन्स्टंटला तेच नाव पुन्हा मिळालं, तर आधीची नोंद गुपचूप पुसली जाते, तक्रार काहीच येत नाही. दुहेरी नावांची तपासणी आपल्या जनरेटरमध्ये, फाइल वाचतानाच करावी.

आता ज्यासाठी हे उदाहरण घेतलं तो मुद्दा. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. यादीत ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये एक ओळ वाढली, जनरेटर चालवला, काम झालं असं वाटतं. पण ईनमचा ऑर्डिनल, म्हणजे नोंदीचा शून्यापासून मोजलेला क्रमांक, यादीतल्या क्रमाने ठरतो. ऐरोलीचा १ होता तो २ झाला, पुढच्या सगळ्यांचा एकेकाने सरकला. डेटाबेसमध्ये ऑर्डिनल साठवलेला असेल तर ऐरोलीची जुनी तिकिटं दिघा गावची दिसू लागतात. म्हणून प्रत्येक ओळीत कायमचा कोड लिहा, जनरेटरने तोच उमटवायचा, आणि साठवायचाही तोच. ही चूक कुठलीच लायब्ररी पकडणार नाही.

उणीव सांगायची तर मेथडच्या आतला मजकूर लायब्ररीला कळत नाही. तिच्या लेखी तो खुणा भरलेला मजकूरच. चुकीचा व्हेरिएबल, विसरलेला एंडकंट्रोलफ्लो, हे सगळं कंपाइल करतानाच उघड होतं. त्यामुळे तयार होणाऱ्या मेथडमध्ये दोन-तीन ओळींपेक्षा जास्त काही ठेवू नये. खरं काम हाताने लिहिलेल्या मदतनीस क्लासमध्ये करावं आणि जनरेटेड कोडने फक्त त्याला हाक मारावी. डीबग करणाऱ्याचे दिवस वाचतात. असलेला कोड वाचून बदलायचा असेल तर ही लायब्ररी उपयोगाची नाही, ती फक्त लिहिते. त्यासाठी जावापार्सर आहे.

फाइल बिल्ड फोल्डरखालीच लिहा, हाताने लिहिलेल्या सोर्समध्ये नको. राइटटू जुन्या फाइली पुसत नाही; क्लासचं नाव बदललं की जुनी फाइल तशीच राहते आणि कंपाइलही होते. जनरेटर चालण्याआधी ते फोल्डर रिकामं करायची पायरी ग्रेडलमध्ये (बिल्ड चालवणाऱ्या साधनात) घाला.

स्क्वेअरने ही लायब्ररी आता निवृत्त केली आहे. शेवटची आवृत्ती १.१३.०, तीही २०२० ची, आणि तिच्यात रेकॉर्ड (फक्त डेटा धरणारा जावाचा नवा प्रकार) तयार करायची सोय नाही. जुन्या प्रकल्पात ती चालू असेल तर घाईने काढायची गरज नाही. नवं काम मात्र पॅलंटीर कंपनीने सांभाळलेल्या फोर्कवर, म्हणजे त्याच कोडवरून वेगळ्या काढलेल्या आवृत्तीवर, सुरू करावं. बदल फार नाही: मेवनचे कोऑर्डिनेट्स (बिल्डमधला लायब्ररीचा पत्ता) आणि इम्पोर्टमधलं पॅकेज बदलायचं, आणि जिथे आधी पॅकेजनेमसारखं फील्ड थेट वाचत होतो तिथे त्याच नावाची मेथड बोलवायची, म्हणजे पुढे रिकामे कंस लावायचे.