कोंबड्याच्या पंजाला गाठ आलीये: घरी ड्रेसिंग की डॉक्टरकडे ऑपरेशन?

पाळलेला कोंबडा लंगडतोय, पाय टेकवायचं टाळतोय आणि तळव्याला काळी खपली दिसतीये म्हणजे बहुतेक वेळा बंबलफूट असतं, म्हणजे तळव्यात जंतू शिरून झालेली पुवाची गाठ. मग घरीच करावं का सरळ डॉक्टरकडे न्यावं यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे सांगणारे लोक भेटतात, आणि गंमत नाही, दोघंही खरं सांगत असतात, फक्त ते वेगवेगळ्या स्टेजच्या पायाबद्दल बोलत असतात. त्यामुळे आधी पाय नीट बघा.

बघायचं कसं तर अंधार पडल्यावर, तेव्हा कोंबडा शांत असतो. टॉवेलमध्ये गुंडाळा पण छाती दाबू नका, पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली नाही तर श्वासच घेता येत नाही. पंजा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घाण निघू द्या, मग अंगठ्याने तळवा हलकेच चाचपून बघा. बोटाला दोरा किंवा केस आवळून बसलाय का तेही बघाच, तसं असेल तर प्रश्न वेगळाच आहे. पायावरचे खवले उचललेले, खरखरीत दिसत असतील तर तो खवल्यांखाली राहणारा किडा असू शकतो, आणि एक पाय पुढे एक मागे असा पडून राहत असेल तर हे सगळं सोडा, मरेकसारखा नसांचा आजार असू शकतो, डॉक्टरला दाखवा.

आता घरच्या इलाजाबद्दल. खपली लहान आहे, सूज तेवढ्यापुरतीच आहे, कोंबडा पाय टेकवतोय, खातोय, तर घरी करण्यात काही गैर नाही. पाय शेकायचा, कोरडा करायचा, पातळ केलेलं बीटाडीन लावायचं, जखमेला न चिकटणारा पॅड, त्यावर गॉज आणि वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी, बोटांच्या मधून क्रॉस करत घ्यायची म्हणजे सरकत नाही. पट्टी बांधल्यावर थोड्या वेळाने बोटं परत बघा, गार पडली किंवा फुगली तर पट्टी घट्ट झालीये, लगेच सोडा. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतायचा सल्ला खूप जण देतात तो ऐकू नका, चांगली कातडीही जळते आणि जखम भरायला उलट उशीर होतो. आणि हातात ग्लोव्हज घालाच, यात बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो आणि तो माणसालाही लागतो.

पण घरच्या इलाजाची हद्द कुठे संपते हे कळायला पक्ष्यांचा पू कसा असतो ते माहीत पाहिजे. आपल्यासारखा तो वाहत नाही, आत मेणासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. त्यामुळे कितीही शेकलं तरी तो आपोआप बाहेर येत नाही, आणि नुसती अँटिबायोटिक दिली तरी औषध त्या गोळ्याच्या आत धड पोचत नाही. महिनोन्‌महिने पट्ट्या बदलूनही सूज तशीच राहते ती याच्यामुळे. तळवा कडक लागतोय, सूज पंजाच्या वरच्या बाजूलाही आलीये, बोटांच्या मध्ये फुगलंय किंवा वर घोट्याकडे चढतीये, तर घरचा पर्याय संपला असं मी म्हणेन.

डॉक्टरकडे काय जास्त मिळतं? एक्स-रे काढून हाडापर्यंत गेलंय का ते कळतं, पू तपासायला पाठवून कुठलं औषध लागू पडेल ते कळतं, आणि मुख्य म्हणजे भूल देऊन तो गोळा पूर्ण काढता येतो. फक्त पक्षी बघणारा डॉक्टर शोधा, कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर असला तरी कोंबड्याला भूल द्यायचा अनुभव असेलच असं नाही, फोनवर आधीच विचारा. भुलेची भीती वाटते ते समजतं, जोखीम असतेच, पण हाडात गेलेल्या इन्फेक्शनची जोखीम त्याहून मोठी आहे. आणि एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, ऑपरेशन केलं म्हणून तुमचं काम वाचत नाही. नंतरचं ड्रेसिंग घरीच करायचंय, आठवडे जातात, त्यामुळे वेळ नाही म्हणून ऑपरेशन हा हिशोब चुकतो.

घरी ब्लेडने कापायचे व्हिडिओ भरपूर आहेत. मी याच्या स्पष्ट विरोधात आहे. कोंबडा ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असं अजिबात नाही, पक्षी दुखणं लपवतात, आणि तळव्यात स्नायुबंध अगदी जवळ असतात, एक कापला गेला तर बोट कायमचं गेलं. बधिर करणारी क्रीम लावून करतो म्हणाल तर पक्ष्यांना ती सहज जास्त होते. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या तर देऊच नका, दुखण्याचं औषध डॉक्टरच वजन बघून देतील.

तिसरा पर्याय कुणी बोलत नाही पण बोलायला हवा. एखादं बोट काढावं लागलं तर कोंबडा छान जगतो. अख्खा पाय काढायचा असेल आणि कोंबडा वजनदार जातीचा असेल तर उरलेल्या पायावर सगळा भार येऊन तोही बिघडतो, हलका असेल तर थोडी आशा असते. दोन्ही पायांची हाडं गेलीत, बसूनच राहतोय, खाणं सोडलंय, तर डॉक्टरच्या हातून शांतपणे जाऊ देणं हाही त्याची काळजी घेण्याचाच भाग आहे, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

पर्याय कुठलाही घ्या, बसायची दांडी खाली आणा, फार तर दीड फूट, कडा घासून गोल करा, कारण उंचावरून कडक जमिनीवर उड्या मारूनच बऱ्याचदा हे सुरू होतं. खाली कोरडं मऊ अंथरूण टाका, ओलं झालं की लगेच बदला. वजन जास्त असेल तर खुराक बघा. बाकीच्यांपासून वेगळा ठेवा पण नजरेआड नको, दुबळा दिसला की दुसरे कोंबडे टोचतात, आणि पार एकटा पाडला तर तो खाणं कमी करतो. जाळीच्या पलीकडे कोंबड्या दिसतील अशी जागा सगळ्यात बरी.

अजून ठरत नसेल तर दर ड्रेसिंगला एकाच अंतरावरून फोटो काढत जा, आठवडाभरात सूज उतरलेली फोटोत दिसली नाही तर डॉक्टरची वेळ घ्या. आणि प्रत्येक वेळी दुसरा पायही चाचपा, दुखऱ्या पायाचा भार तो त्याच्यावरच टाकत असतो.