सर्व्हाव्हॅक: लस चांगली, पण वय आणि फ्रिज दोन्ही बघून घ्या

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची पहिली भारतीय लस. जुलै 2022मध्ये तिला परवानगी मिळाली, जानेवारी 2023मध्ये ती बाजारात उतरली. खासगी दवाखान्यात एका डोसचे साधारण 2 हजार रुपये पडतात. हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूच्या नऊ प्रकारांवरच्या परदेशी लशीला याच्या चौपटीहून जास्त मोजावे लागतात.

सर्व्हाव्हॅक एचपीव्हीच्या 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर चालते. पहिले दोन गुप्तांगावरच्या चामखिळींचे, उरलेले दोन कर्करोगाचे. जगात गर्भाशयमुखाच्या दर 10 कर्करोगांपैकी सुमारे 7 या 16 आणि 18मुळेच होतात, भारतात हे प्रमाण त्याहूनही जास्त. त्यामुळे नऊ प्रकारांची लस परवडेल तेव्हा बघू म्हणून मुलीचं वय वाया घालवणं हा तोट्याचा सौदा आहे.

कुपीत विषाणू नसतोच. यीस्टमध्ये बनवलेलं एल1 हे विषाणूच्या कवचाचं प्रथिन आपोआप जुळून विषाणूच्या रिकाम्या टरफलासारखे गोळे तयार होतात. आत डीएनए नाही, म्हणजे लशीतून संसर्ग होण्याचा प्रश्नच नाही. खरा एचपीव्ही त्वचेच्या पेशींतच दडून राहतो, रक्तात उतरत नाही, म्हणून रोगप्रतिकार यंत्रणेला त्याची धड चाहूलच लागत नाही. तेच टरफल दंडाच्या स्नायूत टोचलं की प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी शरीरातली प्रथिनं) संसर्गानंतर बनतात त्याच्या कितीतरी पट बनतात.

9 ते 14 वयात 0.5 मिलीचे दोन डोस, मध्ये 6 महिने. 15 ते 26मध्ये तीन: आज, 2 महिन्यांनी, 6 महिन्यांनी. मुलग्यांनाही चालते. दोन डोसांत 5 महिन्यांपेक्षा कमी अंतर पडलं तर तिसरा घ्यावा लागतो. उशीर झाला तर मात्र पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर वय काहीही असो, तीन डोस धरून चला. गरोदरपणात थांबा.

गडबड होते ती साठवणीत. लस 2 ते 8 अंशांत हवी. लशीतला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार गोठला की त्याचे कण गुठळ्या धरतात आणि लस निकामी होते. परत वितळली तरी उपयोग नाही. साध्या घरगुती फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला चिकटून कुपी ठेवलेली दिसली तर दुसरं केंद्र गाठा. तळाशी पांढरा साका बसलेला असतो, त्याला घाबरू नका, हलवल्यावर एकसारखं दुधट व्हायला हवं. टोचल्यावर 15 मिनिटं बसवून ठेवतात, कारण या वयाच्या मुलींना सुईनंतर भोवळ येऊ शकते. दंड दुखणं, किरकोळ ताप एवढंच बहुधा होतं.

उणी बाजू अशी, की परवानगीचा आधार प्रतिपिंडांच्या मोजणीचा आहे. दोन हजारांहून जास्त जणांवरच्या चाचणीत ती चार प्रकारांवरच्या जुन्या परदेशी लशीपेक्षा कमी पडली नाही, पण सर्व्हाव्हॅक घेतलेल्यांत कर्करोग किती घटला हे दिसायला वर्षं जावी लागतील. एकच डोस पुरतो याचा जो पुरावा सांगितला जातो, त्यातला भारतीय अभ्यासही त्या परदेशी लशीवरचा. तो हिला परस्पर लावून पैसे वाचवू नका.

आधीच झालेला संसर्ग ही लस घालवत नाही. लस घेतली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही, कारण बाकीचे प्रकार तिच्या आवाक्याबाहेर आहेत.