जेवणाचे मोठे टेबल: सागवान की बाभूळ?
सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. त्यामुळे साडेतीन फूट रुंद टेबलाच्या फळ्या रुंदीत आकसतात, फुगतात, आणि लाकूड निवडताना हाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सागवान त्या मानाने कमी आकसते-फुगते, अंगच्या तेलामुळे वाळवीला दाद देत नाही, मात्र खिशाला जड पडते. बाभूळ स्वस्त आणि अधिक कठीण असते, बैलगाडीची चाके तिचीच करत. पण नीट वाळलेली नसेल तर ती पिळवटते आणि तिच्यावर रंधाही सहज चालत नाही. म्हणून वरच्या फळ्या सागवानी आणि पाय बाभळीचे, अशी जोड मी सुचवेन. लाकूड कोणतेही असो, फळ्यांखालच्या चौकटीतील स्क्रूची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, नाहीतर फळीला तडा जातो.