नायट्रेशनसाठी बॅच रिअ‍ॅक्टर की कंटिन्युअस उभारणी: ऑर्डर देण्यापूर्वी

औद्योगिक वसाहतीत प्लॉट हाती आला आहे, बनवायचे आहे ते नायट्रो वर्गातले, म्हणजे नायट्रेशनने (नायट्रिक आम्लाच्या अभिक्रियेने) होणारे, एखादे इंटरमीडिएट (पुढचे रसायन करायला लागणारे मधल्या टप्प्यातले रसायन) आणि आता यंत्रसामग्रीची ऑर्डर द्यायची आहे. अशा वेळी 5,000 लिटरचा ग्लास-लाइन्ड (आतून काचेचे अस्तर असलेला) रिअ‍ॅक्टर घेऊन एकेक घाणा काढावा (म्हणजे बॅच) की नळीतून माल सतत वाहता ठेवणारी कंटिन्युअस नायट्रेशनची उभारणी करावी, हा प्रश्न बहुतेक लहान कारखानदार टनांच्या हिशेबाने सोडवतात. वर्षाला काहीशे टन असतील तर बॅच आणि हजारो टन असतील तर कंटिन्युअस, हा ढोबळ नियम चुकीचा नाही, पण नायट्रेशनच्या बाबतीत तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी पाहायचे ते हे की उष्णता किती वेगाने निघते, ती काढून घेणारा पृष्ठभाग किती आहे आणि काही बिघडले तर त्या क्षणी भांड्यात किती माल असेल.

बेंझिनच्या नायट्रेशनमध्ये दर मोलमागे (म्हणजे 78 ग्रॅम बेंझिनमागे) सुमारे 117 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे एक किलो बेंझिनपासून निघालेली उष्णता जवळजवळ पावणेपाच लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला पुरते. प्रयोगशाळेतल्या एक लिटरच्या फ्लास्कमध्ये बर्फाच्या पाण्याने ही उष्णता सहज आवरता येते. त्याच घडणीचा 5,000 लिटरचा रिअ‍ॅक्टर घेतला, तर दर लिटरमागचा पृष्ठभाग सुमारे 17 पटींनी कमी होतो, आणि त्यातच काचेचे अस्तर उष्णतेला अडवते. म्हणून मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रेशन एकदम करता येत नाही. मिश्र आम्ल (नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण) थेंबाथेंबाने, आठ-दहा तास सोडत राहावे लागते, आणि बॅचचा वेळ रसायनशास्त्र ठरवत नाही, जॅकेटमधले, म्हणजे भांड्याभोवतीच्या आवरणात फिरणारे, ब्राइन (थंड खारे पाणी) ठरवते.

या पद्धतीतला खरा धोका तापमान वाढण्यात जितका आहे, तितकाच ते फार खाली ठेवण्यातही आहे, कारण तेव्हा अभिक्रिया न झालेले आम्ल भांड्यात साचत जाते. मी शिफ्ट केमिस्ट असताना एका कारखान्यात रात्री वीज गेली आणि आम्ल सोडणे चालू असलेल्या रिअ‍ॅक्टरचे ढवळणे थांबले. आम्ल आणि सेंद्रिय द्रव वेगळे झाले, अभिक्रिया मंदावली, तापमापकावरचा आकडा शांतपणे 12 अंशांवर उभा राहिला. जनरेटर सुरू होताच नवख्या ऑपरेटरचा हात स्टररच्या बटणाकडे गेला. शेजारच्या ज्येष्ठ ऑपरेटरने त्याचे मनगट धरले, कारण साचलेले सगळे आम्ल तेव्हा एकदम मिसळले असते. आम्लाचा व्हॉल्व्ह बंद होता, ब्राइन चालू होते, आणि त्या रात्री तेवढ्यावर निभावले. बॅच घेणाऱ्याने स्टरर बंद पडताच आम्लाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारी इंटरलॉक व्यवस्था आणि खाली पाण्याने भरलेली क्वेंच टाकी (अभिक्रिया आवरेनाशी झाली तर माल सोडून ती थांबवण्यासाठी), हे दोन्ही खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावेत. पुढे ते कधीच धरले जात नाहीत.

कंटिन्युअसच्या बाजूने सर्वांत बोलका हिशेब साठ्याचा आहे. 5,000 लिटरची बॅच 12 तासांत निघत असेल, तर ताशी सुमारे 417 लिटर द्रव हाताळला जातो. तीच अभिक्रिया दोन मिनिटांत पूर्ण होत असेल, तर तेवढ्याच उत्पादनाला कोणत्याही क्षणी केवळ 14 लिटर माल नळीत असणे पुरते. दहा मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर घनमीटरमागे 400 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. मोठ्या रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटमध्ये तो अडीच-तीनच्या आसपास असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा प्रवाही अभिक्रियांवर काम चालते, त्यामुळे प्रायोगिक चाचणीसाठी दूर जाण्याची गरज नाही.

मात्र कंटिन्युअस म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समज धरू नये. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो येथे 1 जून 1974 रोजी स्फोट होऊन 28 माणसे गेली. तो सायक्लोहेक्झेनच्या ऑक्सिडेशनचा कंटिन्युअस प्लांट होता. एका फेरीत फारच थोडा माल रूपांतरित होत असल्याने कित्येक टन तापलेला द्रव सतत फिरवत ठेवावा लागे, आणि एक रिअ‍ॅक्टर काढून बसवलेली तात्पुरती नळी फुटल्यावर तोच बाहेर आला. साठा कमी असेल तरच कंटिन्युअसचा लाभ आहे.

अभिक्रिया मुळात मंद असेल, किंवा उत्पादन मध्येच घन होऊन नळी चोंदत असेल, तर बॅचच घ्यावी. वर्षातून चार-पाच उत्पादने बदलत असतील तरीही तेच. ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर धुऊन दुसऱ्या मालाला लावता येतो, गरज सरली तर विकताही येतो. एका अभिक्रियेसाठी बांधलेली नळ्यांची रचना सहसा भंगारातच जाते. शिवाय पंपांची अचूकता, नायट्रिक आम्ल झेलणारा धातू आणि हे समजणारा इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ, या तिन्हींत तडजोड चालत नाही. औषध कंपन्यांना माल देणाऱ्यांची बॅच क्रमांकाविषयीची (सतत वाहत्या मालात एक बॅच कशाला म्हणायचे, ही) शंका मात्र आता फारशी उरलेली नाही, कारण कंटिन्युअस उत्पादनासाठीचे आयसीएच (औषध नियामक आणि उद्योग यांची आंतरराष्ट्रीय परिषद) या संस्थेचे क्यू-13 हे मार्गदर्शन 2022 मध्ये संमत झाले आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात उत्पादनाचे नाव आणि प्रमाण लिहिलेले असते, आणि चोवीस तास चालणारी उभारणी ते प्रमाण लवकर गाठते, हेही आधीच पाहावे. वापरलेल्या आम्लाच्या विल्हेवाटीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच राहतो.

एकच नायट्रो उत्पादन, जलद अभिक्रिया आणि द्रवरूप माल, असे असेल तर मी नायट्रेशनची पायरी कंटिन्युअस करीन, आणि धुणे, ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण या पुढच्या पायऱ्या बॅचवर ठेवीन. ऑर्डर देण्यापूर्वी स्वतःच्या कच्च्या मालावर कॅलरीमीटरची (निघणारी उष्णता मोजणाऱ्या उपकरणाची) चाचणी करून घ्यावी आणि विक्रेत्याकडून दोन आकडे लेखी मागावेत: थंडावा बंद पडला तर तापमान कुठवर चढेल आणि तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतील.