पुढच्या वर्षीच्या मुलांचे मार्क धरून काढलेला पर्सेंटाईल

सांगलीत माझे बारावीच्या गणिताचे क्लास आहेत. २०१९ पासून एमएचटी-सीईटीचा निकाल पर्सेंटाईलमध्ये लागतो. तेव्हापासून दर वर्षी पेढे घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी एकच गोष्ट सांगत आलोय: ९२ पर्सेंटाईल म्हणजे ९२ टक्के मार्क नव्हेत. तुमच्या मुलाच्या सत्रात जी मुलं बसली, त्यातली ९२ टक्के त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच. हे फळ्यावर शंभरदा लिहिणारा माणूस शेअर बाजारात पर्सेंटाईलच्याच नावाखाली फसला. लाज वाटते, तरी लिहितोय, कारण तोच धंदा अजून जोरात चालू आहे.

मार्च २०२४ मध्ये एका मित्राने मला टेलिग्रामवरच्या एका चॅनेलमध्ये घेतलं. तिथे एक इंडिकेटर विकत होते, म्हणजे चार्टवर कधी घ्यायचं, कधी विकायचं याची खूण करणारं सॉफ्टवेअर. निफ्टी या शेअर निर्देशांकाचा आत्ताचा भाव मागच्या १०० कँडलमध्ये (कँडल म्हणजे ठरावीक वेळातली भावाची चढउतार दाखवणारी चार्टवरची एक कांडी) कितव्या नंबरावर आहे, ते ० ते १०० च्या पट्टीवर दाखवायचं. आकडा ५ च्या खाली गेला की हिरवा बाण, म्हणजे घ्या. ९५ च्या वर गेला की लाल, म्हणजे विका. सोबत जुना चार्ट होता आणि त्यात प्रत्येक तळाला हिरवा बाण, प्रत्येक शिखराला लाल. एकही चुकीचा नाही.

इतकं बिनचूक पाहून गणिताच्या मास्तरला शंका यायला हवी होती. मला झाला आनंद. आरएसआय, मॅकडी हे नेहमीचे इंडिकेटर सोडून अखेर कुणीतरी संख्याशास्त्र वापरतंय, आणि ते आपल्याला कळतंय, बाकीच्यांना नाही! फसवणाऱ्याने मला अर्धंच फसवलं. उरलेलं काम माझ्या अहंकाराने केलं.

‘लाइफटाइम’ची फी १४,९९९ रुपये. यूपीआयवर पैसे जाताना कंपनीचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव दिसलं. बायको म्हणाली, "अहो, निदान पावती तरी मागा." मागितली. उत्तरात अंगठा आला, पावती आली नाही. चॅनेलच्या माहितीत सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांकही होता, रिसर्च अ‍ॅनालिस्टांना असतो तसा, ‘आयएनएच’ने सुरू होणारा. सेबीच्या साइटवर तो टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मी बघितला जूनमध्ये.

एप्रिल-मे थोडं वर, थोडं खाली असेच गेले. कधीकधी चालू कँडलवर आलेला बाण नंतर दिसायचा नाही. मला वाटायचं नेट गेलं असेल, चार्ट नव्याने लोड झाला असेल. एकदा विचारलं तर उत्तर आलं, "सर, कन्फर्मेशन नव्हतं, म्हणून फिल्टर झाला." फिल्टर! मी ते गिळलं.

मग आला ४ जून, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढून २३,२६४ च्या आसपास बंद झाला होता. मी क्लासला सुट्टी देऊन पंधरा मिनिटांचा चार्ट उघडून बसलो. सकाळीच घसरण सुरू झाली. साडेबावीस हजारांच्या आसपास हिरवा बाण आला, आकडा शून्य. शंभर कँडलमध्ये सगळ्यात खाली, आणखी काय हवं? त्या आठवड्याच्या कॉलचे, म्हणजे निफ्टी चढला तर फायदा देणाऱ्या ऑप्शनचे, पाच लॉट (गठ्ठे) घेतले, तेव्हा लॉट २५ चा होता. निफ्टी आणखी पडला. बाण गेला आणि खालच्या कँडलला उगवला. बावीस हजारांजवळ आणखी पाच. पुन्हा बाण गेला, पुन्हा खाली उगवला. एकवीस हजार सातशेला आणखी पाच. निफ्टी २१,३०० च्याही खाली गेला तेव्हा हात थरथरत होते. सगळं विकलं. एक लाख बारा हजार रुपये गेले, तेही जेवायच्या आत. दिवसअखेर निफ्टी जवळपास सहा टक्के पडलेला होता आणि दुसऱ्या दिवशी सातशेहून जास्त अंकांनी वर आला. तोवर माझ्याकडे विकायला काहीच उरलं नव्हतं.

त्या रात्री चॅनेलवर चार्ट आला. ४ जूनचा, एकच हिरवा बाण, अगदी तळाला. खाली लिहिलं होतं, "किती जणांनी पकडला?" आणि बदामांचा पाऊस. माझ्याकडे सकाळचा स्क्रीनशॉट होता, कारण पहिला बाण आल्यावर उत्साहाने मित्राला पाठवला होता. तो ग्रुपमध्ये टाकला. चार मिनिटांत मला काढून टाकलं.

पुढचं काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केलं. तो आता पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. इंडिकेटरचा कोड कुलूपबंद होता, पण माझं लॉगिन ते बंद करायला विसरले होते. तो म्हणाला, "सर, कोड नको. फक्त प्रत्येक कँडल संपली की फोटो काढा." सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे पंधरा मिनिटांच्या २५ कँडल. दोन दिवसांत ५० फोटो. त्यात ११ बाण दिसले होते. तिसऱ्या दिवशी तोच चार्ट उघडला तर ११ पैकी ७ चा मागमूस नाही, आणि फोटोत कधीच नसलेले ३ नवे बाण नेमके वळणांवर बसलेले.

मग त्याने मला माझ्याच भाषेत समजावलं. खरा पर्सेंटाईल मागच्या कँडलशी तुलना करतो. हा पुढच्याही कँडल मोजतो, त्या आल्या की मागे जाऊन बाण हलवतो. म्हणजे यंदाच्या मुलाचा पर्सेंटाईल पुढच्या वर्षीच्या मुलांचे मार्क धरून काढायचा आणि छातीठोकपणे सांगायचं, की हा पहिला येणार हे आम्हाला आधीच माहीत होतं. याला रिपेंट होणं म्हणतात. जुन्या चार्टवर असा इंडिकेटर कधीच चुकत नाही, चुकूच शकत नाही.

आणि प्रामाणिक पर्सेंटाईल असता तरी काय? शून्य म्हणजे ‘आता वर जाणार’ असं कुठे लिहिलंय? शून्याच्या खाली आकडा जात नाही, भाव जातो. त्या दिवशी तासन्‌तास आकडा शून्य दाखवत होता आणि दर वेळी ते खरंच होतं. शिवाय रांग बदलली की नंबर बदलतो. बाजार किती हेलकावेल याचा अंदाज दाखवणारा इंडिया व्हिक्स एप्रिल २०२४ मध्ये १० च्या घरात होता आणि मे महिन्यात २० च्या वर गेला. शांत वर्षाच्या रांगेत २० म्हणजे जवळपास शंभरावा पर्सेंटाईल. तोच २०, मार्च २०२० च्या पडझडीनंतरच्या महिन्यांत, व्हिक्स ८० च्या वर जाऊन आल्यावर, पार तळाशी बसला असता. अवघड सत्र, सोपं सत्र. रोजचा धडा माझा.

तो नोंदणी क्रमांक खरा निघाला, पण भलत्याच व्यक्तीचा. सेबीच्या यादीतल्या फोनवर बोललो तर त्या बाई वैतागलेल्या होत्या. माझ्याआधी तिघांनी फोन केला होता. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली. सायबर पोलिसांकडच्या हवालदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पैसे कधी पाठवले?" मार्चमध्ये म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या काही तासांत सांगितलं तर खातं गोठवता येतं, तीन महिन्यांनी नाही. आणि तो लाखाचा तोटा? तो तर मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ट्रेडिंग खात्यातून केला होता. त्याची तक्रार कुणाकडे करणार?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेबीचा अभ्यास आला, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के लोकांनी पैसे घालवल्याचा. माझा तोटा त्यानंतरच्या आर्थिक वर्षातला, त्या मोजणीत मी नाही. बायकोला हा खुलासा फारसा पटला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत लोकांसाठी ‘व्हॅलिड’ असलेले यूपीआय पत्ते आणलेत, ते तेव्हा असते तर निदान ते १४,९९९ वाचले असते.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा मेसेज आला. "सर, तुमचं गणित चांगलं आहे, जरा हे बघून सांगा." चॅनेलचं नाव नवीन, रंग नवीन, चार्ट तोच: ४ जून २०२४, तळाला एकच हिरवा बाण. मी म्हटलं, त्यांना सांगा, उद्या सव्वानऊपासून दर पंधरा मिनिटांनी चार्टचा फोटो पाठवा, आवडलं तर संध्याकाळी पैसे देतो. दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यांचा फोन आला.

"सर, ब्लॉक केलं हो त्यांनी."