६०० जीएसएमची पीव्हीसी ताडपत्री, निगडी ट्रान्सपोर्ट नगरात मापाने बनवून घेतलेली: ४ स्टार

एक स्टार वजनासाठी कापलाय, ते खाली येतंच.

आमची मालाची गाडी दहा चाकी, उघडी बॉडी. कोल्हापूर साईडला साखर भरायची आणि केरळ म्हणा दिल्ली म्हणा, जिकडचं भाडं लागेल तिकडं जायचं. साखरेला पाणी लागलं की पोतं गेलं, पार्टी डॅमेज लावते आणि भाड्यातून कापते, तिथं रडून उपयोग नाही. म्हणून पावसाळ्याची तयारी म्हणजे आधी ताडपत्री, वायपर बियपर नंतर. आणि हे काम एप्रिलातच उरका, कागदावर मान्सून १ जूनला केरळात आणि ११ जूनला मुंबईत येतो पण २०२५ ला २६ मे लाच मुंबईत हजर होता की.

ऑनलाईन मिळते ती निळी पातळ ताडपत्री घर शाकारायला ठीक आहे, हायवेला वाऱ्याने फडफडून कोपऱ्याकडनं फाटत जाते. जुनी मेणाची सुती चांगली होती खरं म्हणजे, पण भिजली की उचलवत नाही आणि ओली घडी घातली की बुरशी आलीच. पीव्हीसीला ती भानगड नाही, पाणी वरच्या वर निथळतं.

घेताना दुकानदार ६०० जीएसएम म्हणाला तर काट्यावर ठेवायला सांगा. चौरस मीटरला ६०० ग्रॅम, म्हणजे ३० बाय २४ फुटाची ताडपत्री साधारण ४० किलो भरायला पाहिजे, ३० भरली तर ती ४५० चीच आहे. आमच्या दुकानदाराने न कुरकुरता वजन करून दाखवलं, तिथंच माणूस पटला. मधले जोड शिलाईचे नकोत, गरम करून चिकटवलेले घ्या, आणि जोड उन्हाकडे धरून बघा, भोक असेल तर लगेच दिसतं. दोरी ओवायच्या रिंगा पितळी घेतल्यात. दोरीसोबत टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावतो, ताण राहतो आणि रिंग उपटत नाही.

आता वजन. ४० किलोचं धूड भरलेल्या मालावर चढवायचं म्हणजे दोन माणसं लागतातच, एकट्या ड्रायव्हरचं काम नाही. मे महिन्यात नागपूरकडे उन्हाने घड्या एकमेकांना चिकटतात तो वेगळा वैताग (आता नव्या ट्रकना एसी केबिन कंपल्सरी आहे म्हणे, आमची जुनी गाडी, २४ व्होल्टचा पंखा जिंदाबाद). लासलगावचा कांदा भरला तर ही पूर्ण आवळू नका, बाजू वर गुंडाळून हवा खेळू द्या, नाहीतर माल पोचेपर्यंत सडतो.

थंडीत दिल्ली पंजाबकडे पहाटे ही कडक होते, जबरदस्तीने घडी घातली तर मोडीवर चिरते, ऊन येऊ द्या मग हात लावा. आणि मापं देताना मागची बाजू नीट सांगा. फाळक्यावर (गाडीच्या मागच्या दारावर) जास्त लोंबली की टेललाईट आणि रिफ्लेक्टरची पट्टी झाकली जाते आणि धुक्यात मागच्या गाडीवाल्याला आपण दिसतच नाही. आम्ही मागनं फूटभर कमी करून घेतली, दुकानदाराने त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.