बॅटरीला इन्व्हर्टर कोणता: जाळ्यामागे चालणारा की जाळे उभे करणारा?

सौर प्रकल्पाला बॅटरी जोडायची ठरली की तिची क्षमता किती आणि ती किती तास पुरावी यांवर बैठकांमागून बैठका होतात, इन्व्हर्टरचा नियंत्रण-प्रकार मात्र निविदेतल्या एका ओळीत उरकला जातो. आमचेही तसेच झाले. पहिल्या टप्प्यात आम्ही ग्रिड-फॉलोइंग, म्हणजे जाळ्यामागे चालणारे इन्व्हर्टर बसवले आणि दुसऱ्या टप्प्यात ग्रिड-फॉर्मिंग, म्हणजे जाळे उभे करणारे, त्यामुळे दोन्ही हाताळून झाले आहेत.

ग्रिड-फॉलोइंगला नावे ठेवण्याचा हेतू नाही. जवळपास मोठी फिरती जनित्रे असतील तर तो निमूट काम करतो, त्याची सेटिंग्ज तंत्रज्ञांच्या हातात बसलेली असतात आणि फ्रीक्वेन्सी घसरताच बॅटरीतून वीज सोडण्यातही तो चपळ असतो.

आमचा प्रकल्प मात्र लांबलचक लाइनच्या टोकाला आहे. एका संध्याकाळी लाइनवर फॉल्ट (बिघाड) आला, व्होल्टेज कोसळले, सावरले, पुन्हा कोसळले, आणि इन्व्हर्टर एकामागून एक ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. पडद्यावर बॅटरी ९१ टक्के भरलेली दिसत होती आणि आम्ही मोबाइलच्या उजेडात रिले पॅनेल वाचत होतो. हा इन्व्हर्टर बाहेरच्या व्होल्टेजची लय पकडून आपला प्रवाह त्यावर बसवतो. बाहेर लयच नसेल तर भरलेल्या बॅटरीचा त्याला उपयोग नसतो. लाइन येईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ आम्ही बसून राहिलो. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात व्होल्टेजचे लागोपाठ धक्के बसल्यावर काही पवनचक्क्या आधीच ठरवून दिलेल्या मर्यादेमुळे जाळ्यापासून सुटल्या आणि राज्य अंधारात गेले, हे मी वाचले होते. पण निवड करताना त्याची आठवण झाली नाही, हा दोष माझाच.

ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर स्वतःच व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी उभी करतो आणि गरज पडल्यास मृत लाइनही चार्ज करतो. त्याचा त्रास वेगळा आहे. फॉल्टच्या वेळी फिरते जनित्र आपल्या क्षमतेच्या पाच-सहा पट प्रवाह सहज देते, तर इन्व्हर्टर बहुधा दीडपटीच्या आतच थांबतो, त्यामुळे जास्त प्रवाह दिसला तरच लाइन तोडणाऱ्या जुन्या ओव्हरकरंट रिलेला फॉल्ट दिसेलच असे नाही. आम्हाला रिलेंचा सगळा समन्वय नव्याने करावा लागला. ड्रूपची, म्हणजे युनिटांनी आपसात भार वाटून घेण्याची सेटिंग्ज चुकल्यामुळे पहिल्या आठवड्यात एक युनिट दुसऱ्याला चार्ज करत बसले होते, ते निराळेच. शिवाय जाळ्याला आधार द्यायचा तर बॅटरीत थोडी जागा आणि थोडी वीज कायम राखून ठेवावी लागते, जे विक्रीचे वेळापत्रक आखणाऱ्याला रुचत नाही.

सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे स्वतः वीज न बनवता जाळ्याच्या लयीत फिरत राहणारे जड यंत्र, हा तिसरा मार्ग आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये असे चार कार्यान्वित केले. तो जडत्व (फ्रीक्वेन्सीची घसरण मंदावणारा गुण) आणि फॉल्ट प्रवाह भरपूर देतो, पण साठवलेली वीज देत नाही, आणि बेअरिंग-तेलाची देखभाल आलीच. आमच्या आकाराच्या प्रकल्पाला तो झेपला नसता.

जोडणीच्या ठिकाणचा शॉर्ट सर्किट रेशो, म्हणजे तिथल्या जाळ्याची ताकद प्रकल्पाच्या क्षमतेच्या किती पट आहे तो आकडा, तीनच्या बराच वर असेल तर ग्रिड-फॉलोइंग घेणारा चुकतो आहे असे मी म्हणणार नाही. तो तीनच्या आसपास किंवा खाली असेल, तर मात्र मी दुसऱ्यांदा तोच पर्याय घेणार नाही. दुसऱ्या टप्प्यानंतर आमची लाइन दोनदा गेली. पहिल्या वेळी दिवे क्षणभर मंदावले. दुसऱ्या वेळची घटना पाळीवरच्या ऑपरेटरला सकाळी नोंदी चाळताना कळली.